व्हॅली ऑफ फ्लॉवर्स नागपूरहून : तारीख ठरवण्यापासून परतीपर्यंतचा क्रम

नागपूरहून उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि त्याचबरोबर तेथून निराश होऊन परतणाऱ्यांचीही. कोणी जूनमध्ये जातो आणि साचलेला बर्फ व कोवळे गवत पाहून येतो. कोणी पहिल्याच दिवशी हेमकुंड हे जवळचे उंचावरचे शीख तीर्थ चढून दुसऱ्या दिवशी गुडघे धरून खोलीत बसतो. कोणी दरीच्या तोंडापर्यंत पोहोचतो, तेथे दोन-चार छायाचित्रे काढतो आणि "एवढेच का?" म्हणत माघारी फिरतो, कारण परतीची वेळ झालेली असते. या सर्वांची चालण्याची ताकद पुरेशी असते. फसतो तो तारखांचा आणि दिवसांच्या क्रमाचा हिशेब. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पूर्ण करावेत, आणि एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नये.

टप्पा १ : तारीख ठरवणे

चमोली जिल्ह्यातील हे राष्ट्रीय उद्यान १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. उघडे असणे आणि फुललेले असणे यांत मात्र मोठे अंतर आहे. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे आपल्याकडील कुटुंबे मुलांची सुट्टी साधण्यासाठी जूनचा दुसरा किंवा तिसरा आठवडा निवडतात, आणि बहुतेक निराशेचे मूळ याच निवडीत असते. जूनमध्ये वाटेवर बर्फाचे पट्टे शिल्लक असतात. प्रिम्युला आणि अ‍ॅनिमोनसारखी लवकर येणारी फुले दिसतात, पण दरी रंगलेली नसते. शिवाय चारधाम यात्रेची गर्दी तेव्हा शिखरावर असल्याने गाड्या, खोल्या आणि रस्ता या तिन्हींवर ताण असतो.

रंगांची खरी विविधता जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असते. या काळात जांभळट जिरेनियम, गडद लाल पोटेंटिला, निळी कॅम्पॅन्युला, नदीकाठची गुलाबी एपिलोबियम आणि खडकांच्या आडोशाला निळी पॉपी अशी अनेक फुले एकाच फेरीत पाहायला मिळतात. ऑगस्टच्या उत्तरार्धात आपल्या तेरड्याच्या कुळातील उंच गुलाबी झाडे दरीचा मोठा भाग व्यापतात. ती काही ठिकाणी माणसाच्या उंचीची होतात आणि लहान फुले त्यांच्या आड जातात. सप्टेंबरमध्ये आकाश स्वच्छ असते, बर्फाच्छादित शिखरे दिसतात आणि पाने पिवळी-तांबडी होऊ लागतात, पण फुलांसाठी जाणाऱ्याने सप्टेंबर निवडू नये.

आता कावड यात्रेकडे वळू, कारण मराठी वाचकांचा येथे हमखास गोंधळ होतो. श्रावणातील या यात्रेच्या दिवसांत दिल्ली ते हरिद्वार हा रस्ता गंगाजल नेणाऱ्या कावडियांनी भरलेला असतो, वाहतूक वळवली जाते आणि काही दिवस मुख्य मार्ग इतर वाहनांना बंदही असतो. आपण आपल्या दिनदर्शिकेत श्रावण पाहतो आणि त्याआधीचे दिवस मोकळे समजतो. उत्तर भारतात महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. कावड यात्रेचा काळ आपल्या पंचांगाप्रमाणे गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून जिवतीच्या, म्हणजे आषाढ, अमावस्येच्या आदल्या दिवसाच्या सुमारापर्यंत असतो. ज्या वर्षी ज्येष्ठ अधिक येतो, त्या वर्षी हा काळ ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सरकतो. म्हणून इंग्रजी तारखा ठरवण्याआधी पंचांग उघडावे आणि हरिद्वार या दिवसांच्या बाहेर पडेल असे पाहावे. निवडीची मोकळीक असेल, तर जिवतीच्या अमावस्येनंतरचा आठवडा मी सर्वांत आधी तपासेन, मात्र तो ऑगस्टच्या मध्याच्या फार पुढे जात नसावा.

तपासणी : निवडलेला दरीचा दिवस जुलै-मध्य ते ऑगस्ट-मध्य या काळात आहे का? हरिद्वारला पोहोचण्याचा आणि तेथून परतण्याचा, असे दोन्ही दिवस कावड यात्रेच्या बाहेर आहेत का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तरच पुढे जावे.

टप्पा २ : दिवसांचा हिशेब आणि आरक्षण

नागपूरकर सर्वाधिक कंजुषी करतात ती येथे. सात दिवसांत सर्व उरकण्याचा आग्रह धरला जातो आणि मग पहिल्याच दरडीला बेत कोसळतो. पूर्ण हिशेब असा : नागपूर ते दिल्ली एक रात्र, दुसऱ्या दिवशी दिल्लीहून हरिद्वार किंवा ऋषिकेश आणि तेथे मुक्काम, तिसऱ्या दिवशी ऋषिकेशहून जोशीमठ किंवा गोविंदघाट, चौथ्या दिवशी घांघरिया (दरी आणि हेमकुंड या दोन्हींसाठी मुक्कामाचे गाव), पाचव्या दिवशी दरी, सहाव्या दिवशी हेमकुंड किंवा पुन्हा दरी, सातव्या दिवशी उतरून जोशीमठ, आठव्या दिवशी ऋषिकेश, नववा दिवस राखीव, आणि दहाव्या दिवशी परतीची गाडी. हा राखीव दिवस म्हणजे चैन नव्हे. पावसाळ्यात बद्रीनाथ महामार्ग काही तास ते एखादा दिवस बंद राहणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि राखीव दिवस नसेल तर माणसे चुकीच्या वेळी, चुकीच्या हवामानात पुढे रेटत राहतात.

नागपूरहून दिल्लीसाठी तमिळनाडू, तेलंगणा, केरळ, ग्रँड ट्रंक, दक्षिण अशा दक्षिणेकडून येणाऱ्या अनेक गाड्या मिळतात. त्या दुरून येत असल्याने उशीर गृहीत धरावा आणि दिल्लीत पुढची गाडी किमान चार-पाच तासांच्या अंतराने घ्यावी. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघणाऱ्याने जूनच्या पहिल्या आठवड्यात तिकिटासाठी सज्ज असावे, आणि जाण्याच्या तिकिटाच्या आधी परतीच्या तिकिटाची तारीख मनाशी पक्की करावी.

घांघरियात हंगामात खोली मिळतेच, असा समज आहे. शनिवार-रविवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास तो खोटा ठरतो. तेथील गुरुद्वारात निवास आणि लंगरची सोय असते, परंतु ती मूलतः हेमकुंडच्या यात्रेकरूंसाठी आहे याचे भान ठेवावे. खोली आधी नोंदवावी आणि दरीचा दिवस शक्यतो सोमवार ते गुरुवार यांमध्ये बसवावा. हेमकुंडला जायचे असल्यास उत्तराखंड शासनाच्या यात्रा नोंदणी संकेतस्थळावर प्रत्येकाची नोंदणी करून तिची छापील प्रत जवळ ठेवावी.

टप्पा ३ : नागपुरात शरीराची तयारी

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. घांघरिया सुमारे ३,०५० मीटरवर आहे, दरी त्याहून वर, आणि हेमकुंड चार हजार मीटरच्याही वर. आपले शहर सपाट आहे, म्हणून रोज अंबाझरीला किंवा फुटाळ्याला तासभर चालणारा माणूसही चढणीवर पहिल्या तासातच थकतो. सपाटीवरचे चालणे दम वाढवते, पण मांड्यांना चढण्याची आणि गुडघ्यांना उतरण्याची सवय लावत नाही.

तयारी किमान आठ ते दहा आठवडे आधी, म्हणजे मे महिन्यात सुरू करावी लागते आणि तेव्हा आपल्याकडे नवतपा असतो. सकाळी साडेसातनंतर बाहेर व्यायाम करणे अंगावर बेतू शकते. म्हणून पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ ठरवावी. आठवड्यातून तीन दिवस सेमिनरी हिल्सच्या चढाच्या रस्त्यावर चालावे. दोन दिवस राहत्या किंवा कार्यालयाच्या इमारतीचे जिने चढावे आणि, हे विशेष महत्त्वाचे, चालतच उतरावे. चढून लिफ्टने खाली येणारे लोक घांघरियाहून उतरताना सर्वाधिक रडकुंडीला येतात. चौथ्या आठवड्यापासून पाठीवर चार ते पाच किलोची पिशवी घ्यावी. पंधरवड्यातून एकदा रामटेकला जाऊन गडमंदिराच्या पायऱ्या सलग तीन-चार वेळा चढून उतराव्यात. जूनच्या अखेरीस पाऊस सुरू झाला की किमान दोन वेळा मुद्दाम पावसात, तेच बूट आणि तोच पावसाळी कोट घालून दोन तास चालावे. सामानातील दोष नागपुरात कळले तर ते दुरुस्त करता येतात.

रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार यांपैकी काही असल्यास, किंवा वय पन्नाशीच्या पुढे असल्यास, निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना मुक्कामाच्या आणि चढाईच्या उंचीचे आकडे सांगून सल्ला घ्यावा. नुसते "फिरायला जातो आहे" असे सांगू नये. उंचीच्या त्रासासाठी दिले जाणारे अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नये. ज्यांना सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी ती गोष्ट डॉक्टरांना आधी सांगावी.

तपासणी : निघण्याच्या दोन आठवडे आधी पाच किलो वजन घेऊन, सावकाश पण न बसता, एक तास जिने चढता-उतरता आले पाहिजे. दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले किंवा जिना उतरणे कठीण झाले, तर पुलना (पायी चढण सुरू होते ते गाव) ते घांघरिया खेचर किंवा गोविंदघाट ते घांघरिया हेलिकॉप्टर यांचा विचार आधीच करून ठेवावा.

टप्पा ४ : सामान

सामानाची यादी लांब करण्यापेक्षा तीन गोष्टींवर पैसा आणि लक्ष खर्च करावे : बूट, पाऊस अडवणारी व्यवस्था आणि कोरडे कपडे.

बूट घोट्याला आधार देणारे, तळाला खोल खाचा असलेले आणि पायाच्या अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेले असावेत. उतरताना पाय पुढे सरकतो, आणि घट्ट बुटात अंगठ्याचे नख काळे पडते. निघण्याच्या आठवड्यात सीताबर्डीवरून नवे बूट आणून थेट गोविंदघाटला घालणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत वेदनादायक चूक आहे. बूट किमान महिनाभर वापरलेले असावेत. मोजे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, तीन-चार जोड घ्यावेत.

छत्री दरीत निरुपयोगी ठरते, कारण एका हातात काठी असते आणि वाट अरुंद असते. पिशवीसकट अंग झाकणारा पाँचो भर पावसात उपयोगी पडतो, परंतु चढणीवर तो पायात येतो. माझ्या मते कंबरेपर्यंतचा चांगला पावसाळी कोट, वेगळी पावसाळी पँट आणि पिशवीचे स्वतंत्र आवरण ही जोडी अधिक विश्वासाची आहे. आवरण असले तरी पिशवीच्या आत कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत.

जीन्स आणि सुती बनियन नागपुरातच ठेवावे. ओले सुती कापड घांघरियात दोन दिवस वाळत नाही आणि अंगातील ऊब शोषून घेते. लवकर वाळणाऱ्या कापडाचे दोन जोड चालण्यासाठी, एक पूर्ण कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी, एक लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, कानटोपी आणि हातमोजे एवढे पुरते. ऑगस्टमध्येही घांघरियात रात्री तापमान दहा अंशांच्या खाली जाते. कूलरसमोरून उठून गेलेल्या माणसाला ही थंडी चांगलीच झोंबते.

याशिवाय विजेरी, शिट्टी, चालण्याची काठी, पाण्याची एक लिटरची बाटली, ओआरएसची पाकिटे, तापाच्या व पोटाच्या गोळ्या, बँडेज, मूळ ओळखपत्र आणि त्याच्या दोन छायाप्रती घ्याव्यात. घांघरियात एटीएम, मोबाइलचे जाळे आणि वीज यांपैकी कशावरही विसंबू नये. रोख रक्कम जोशीमठपर्यंतच काढून ठेवावी आणि फोन चार्ज करण्यासाठी पॉवर बँक घ्यावी. वाटेत खाण्यासाठी दशम्या, भाजलेले शेंगदाणे, गूळ, खजूर आणि थोडी संत्रा बर्फी चांगली. तर्रीची सवय असलेल्यांनी तिखट-तेलकट फराळ मात्र टाळावा, कारण उंचीवर पचन मंदावते आणि दरीत शौचाची सोय जवळपास नसते.

टप्पा ५ : ऋषिकेश ते गोविंदघाट

ऋषिकेश ते गोविंदघाट हे अंतर सुमारे २७० किलोमीटर आहे. नकाशा पाहून आपण ते नागपूर-अकोला रस्त्याच्या हिशेबाने मोजतो आणि सकाळी नऊला निघतो. डोंगरी रस्त्यावर याला दहा ते बारा तास लागतात, आणि रात्री या मार्गावर वाहतुकीला बंदी असते. म्हणून आदली रात्र ऋषिकेशातच काढावी आणि पहाटे पाचच्या आत निघावे. जोशीमठकडे जाणाऱ्या बसही पहाटेच सुटतात. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, चमोली, पिपळकोटी, जोशीमठ असा हा क्रम आहे. श्रीनगर व रुद्रप्रयाग यांमधील सिरोबगड आणि पिपळकोटीच्या पुढचा पागल नाला या जागा दरडींसाठी कुप्रसिद्ध आहेत. शक्यतो त्या उजेडात आणि पाऊस थांबलेला असताना ओलांडाव्यात. वळणांचा त्रास होणाऱ्यांनी उलटी थांबवणारी गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे.

मुक्काम जोशीमठात करावा की गोविंदघाटात, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. दोन्हींची उंची जवळपास सारखीच, सुमारे १,८०० ते १,९०० मीटर आहे. जोशीमठात औषधे, रोख आणि चांगले जेवण मिळते. गोविंदघाटात राहिल्यास दुसऱ्या दिवशी लवकर निघता येते. उजेड शिल्लक असेल तर गोविंदघाट, नसेल तर जोशीमठ, असे ठरवावे.

इशारा : हवामान विभागाने चमोली जिल्ह्यासाठी लाल इशारा दिला असेल, तर ऋषिकेशातच थांबावे. राखीव दिवस याचसाठी ठेवलेला आहे. दरड कोसळलेल्या जागी वाहनातून उतरून पायी पलीकडे जाण्याचा मोह इतरांना पाहून होतो. वरून दगड सुटत असताना तो जिवावर बेततो.

टप्पा ६ : पुलना ते घांघरिया

गोविंदघाटहून पुलना गावापर्यंत सुमारे चार किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्यावर स्थानिक जीपगाड्या चालतात. हे अंतर पायी चालून ताकद दाखवण्याचे कारण नाही. पुलनापासून घांघरिया सुमारे नऊ ते दहा किलोमीटर आहे. वाट फरसबंद व रुंद असून तिच्यालगत लक्ष्मणगंगा वाहते. भ्यूंडार गावापर्यंत चढ सौम्य आहे. तेथे नदीवरील पूल ओलांडल्यानंतरचे शेवटचे तीन किलोमीटर मात्र खडे आहेत. बहुतेक लोक पहिल्या भागात झपझप चालतात आणि पूल ओलांडल्यावर गळून जातात. म्हणून सुरुवातीचा वेग इतका कमी ठेवावा की चालताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. बोलताना धाप लागली की वेग जास्त झाला, असे समजावे. एकूण पाच ते सात तास धरावेत आणि सकाळी आठपर्यंत पुलना सोडावे.

सामान खेचरावर द्यायचे असल्यास दर आधी ठरवावा आणि मालकाचा फोन क्रमांक लिहून घ्यावा. औषधे, पाणी, कोट आणि स्वेटर मात्र स्वतःच्या पाठीवर ठेवावेत. खेचर पुढे निघून जाते आणि पाऊस मागे गाठतो. खेचरे येताना दिसली की नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहावे, दरीच्या कडेला नव्हे. लादलेल्या गोणीचा एक धक्का पुरेसा असतो. वाटेच्या कडेला बिच्छू घास नावाची खाजरी वनस्पती भरपूर असते, म्हणून टेकायला झुडपांत हात घालू नये.

घांघरियाला पोहोचल्यावर लगेच झोपू नये. कपडे बदलावे, गरम काहीतरी प्यावे आणि संध्याकाळी अर्धा तास सावकाश फिरावे. त्याने शरीर उंचीशी लवकर जुळते. मद्य आणि धूम्रपान पूर्ण टाळावे.

तपासणी : रात्री डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे किंवा चक्कर यांपैकी काही आहे का? सौम्य असल्यास विश्रांती आणि पाणी. सकाळपर्यंत कमी झाले नाही तर वर जाऊ नये. चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ किंवा बसल्या जागी धाप लागणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता मदत घेऊन खाली उतरावे. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि गुरुद्वारातील सेवेकरी या दोघांनाही कळवावे.

टप्पा ७ : दरीचा दिवस

दरी आधी आणि हेमकुंड नंतर, हा क्रम बदलू नये. दरीतील चढ कमी आहे आणि त्या दिवसामुळे शरीर उंचीला सरावते. आधी हेमकुंडची खडी चढण केल्यास दुसऱ्या दिवशी दरीत पुढपर्यंत जाण्याची ताकद उरत नाही.

प्रवेश सकाळी सातला सुरू होतो, दुपारनंतर नव्याने आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी पाचपर्यंत सर्वांना बाहेर यावे लागते. आत मुक्कामाला परवानगी नाही. म्हणून साडेसहालाच घांघरियातील वनखात्याच्या चौकीवर ओळखपत्रासह हजर राहावे, शुल्क भरून परवाना घ्यावा आणि नाव नोंदवावे. परतताना ती नोंद तपासली जाते, त्यामुळे परवाना सांभाळून ठेवावा. गावाबाहेर थोड्या अंतरावर वाट फुटते; डावीकडची दरीकडे आणि उजवीकडची हेमकुंडकडे जाते. आत खेचरांना बंदी आहे आणि एकही दुकान नाही, तेव्हा दिवसभराचे खाणे-पिणे येथूनच बरोबर घ्यावे.

सुरुवातीला जंगल लागते, मग पुष्पावती नदीवरील पूल, आणि पुलानंतर भूर्जवृक्षांमधून जाणारी खडी, दगडी चढण. या चढणीवर फारसे काही दिसत नाही आणि अनेकांचा धीर येथेच सुटतो. घांघरियापासून तीन ते चार किलोमीटरवर दरीचे तोंड येते, आणि फुलांचे विस्तीर्ण कुरण तेथून पुढे सुरू होते. तोंडाशी बसून डबा सोडणे आणि तेथूनच परतणे ही या सर्व प्रवासातील सर्वांत मोठी हानी आहे, कारण हजारो रुपये आणि दहा दिवस खर्चून माणूस उंबरठ्यावरून परततो. सातला निघालेला साधारण वेगाचा माणूस दहाच्या सुमारास तोंडाशी असतो. तेथून, या दरीत फुले गोळा करताना मरण पावलेल्या ब्रिटिश वनस्पती-अभ्यासक जोन मार्गारेट लेग यांच्या समाधीपर्यंत आणि पुढे नदीच्या पात्रापर्यंत वाट बऱ्यापैकी सपाट आहे. परतीला वळण्याची वेळ आधीच ठरवावी. दुपारी दीड ही वेळ सुरक्षित आहे, मग कोठेही पोहोचलेले असो.

फुले पाहण्याचीही पद्धत असते. रंग वाढवलेली छायाचित्रे पाहून आलेल्या माणसाला गालिचा हवा असतो, आणि समोर आधी हिरवे गवतच दिसते. उभे राहून पाहिल्यास दरी हिरवी दिसते. वाटेवरच गुडघे टेकून बसल्यावर त्याच हातभर गवतात पाच-सहा जातींची फुले निघतात. कोब्रा लिलीचा फडा पानांच्या सावलीत असतो आणि पावसात तो सहज नजरेतून सुटतो. निळी पॉपी शोधायची असेल तर गवतात पाहू नये, ओल्या खडकांच्या फटींत पाहावे : देठावर बारीक काटे, कागदासारख्या पातळ आकाशी पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. पावसाचे थेंब पडले की त्या पाकळ्या अर्धपारदर्शक होतात. ऑगस्टमध्ये गुलाबी तेरड्याच्या पक्व शेंगा नुसत्या स्पर्शाने फुटून बी उडवतात. मुलांना हे एकदा दाखवावे, पण त्यासाठी वाट सोडू नये.

वाट सोडणे ही येथील गंभीर चूक आहे. छायाचित्रासाठी चार पावले आत गेलेल्यामागून दहा जण जातात आणि हंगामाच्या मध्यालाच तेथे चिखलाची नवी वाट पडते. फुले तोडण्यास, बी किंवा रोपे आणण्यास बंदी आहे. अ‍ॅकोनिटमसारख्या तेथील काही वनस्पती विषारी आहेत, म्हणून मुलांना काहीही तोंडात घालू देऊ नये. खाऊचे कागद आणि बाटल्या परत घांघरियापर्यंत आणाव्यात.

इशारा : जोराच्या पावसात दरीतील ओढे तासाभरात फुगतात. सकाळी दगडांवरून पार केलेल्या ओढ्याचे पाणी गढूळ होऊन वाढताना दिसले, तर पुढे न जाता लगेच परतावे. धुके उतरल्यास एकत्र राहावे आणि वाटेचे दगड पाहतच चालावे.

टप्पा ८ : हेमकुंड, किंवा पुन्हा दरी

हेमकुंड घांघरियापासून सुमारे सहा किलोमीटर आहे आणि त्यात अकराशे मीटरहून अधिक चढ आहे. पहाटे पाचला निघावे, कारण वर मुक्कामाची सोय नाही आणि दुपारनंतर खाली यावेच लागते. चढताना निळी पॉपी आणि वरच्या भागात, जुलैच्या अखेरीपासून, ब्रह्मकमळ दिसते. नागपुरात गच्चीवर रात्री फुलणाऱ्या निवडुंगाला आपण ब्रह्मकमळ म्हणतो. हे त्याहून अगदी वेगळे असून फिकट पिवळसर पातळ पानांच्या कोषात त्याची जांभळी फुले असतात. येथे खेचराने जाता येते. उतरताना गुडघ्यांवर फार ताण येतो, त्यामुळे चढण खेचरावर आणि उतार पायी, असे करण्यापेक्षा गुडघे दुखणाऱ्यांनी उतारासाठी आधाराचा विचार करावा.

आदल्या दिवशी दरीत पाऊस लागला असेल किंवा वेळ अपुरा पडला असेल, तर हेमकुंड सोडून पुन्हा दरीत जाणे हा अधिक चांगला निर्णय आहे. श्रद्धेने आलेल्यांची गोष्ट वेगळी. परंतु फुलांसाठी आलेल्याने केवळ यादी पूर्ण करण्यासाठी हेमकुंड चढू नये.

टप्पा ९ : उतरणे आणि परत येणे

उतरताना बुटांच्या नाड्या घोट्याजवळ घट्ट आवळाव्यात, पावले लहान टाकावीत आणि काठी नेहमी एक पायरी खाली टेकावी. ओल्या फरसबंदीवर खेचरांची लीद पडून वाट निसरडी होते, आणि बहुतेक पाय येथेच मुरगळतात. सकाळी सातला घांघरिया सोडल्यास दुपारपर्यंत गोविंदघाट आणि उजेडात जोशीमठ गाठता येते. त्याच दिवशी ऋषिकेशपर्यंत रेटण्याचा आग्रह वाहनचालकाकडे कधीही धरू नये.

जोशीमठात पोहोचल्यावर पुढच्या रस्त्याची चौकशी करावी. रस्ता मोकळा असेल तर पहाटे निघावे आणि राखीव दिवस ऋषिकेशात विश्रांतीसाठी वापरावा. तो आधीच बद्रीनाथसाठी खर्च करू नये, कारण दरड खालच्या रस्त्यावरही येते. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घालून ते ऋषिकेशातच वाळवावेत, ओले मोजे वेगळ्या पिशवीत बांधावेत, आणि घोट्याची किंवा गुडघ्याची सूज दोन दिवसांत उतरली नाही तर नागपूरला पोहोचल्यावर लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.